पंपरावांची कूस बदलायची वही

पंपरावांना पंपराव हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस नीट पाहून ठेवलं असणार. बावीस वर्षं त्यांनी एका संशोधन संस्थेच्या तळघरात पाण्याचे पंप सांभाळले. सात मजल्यांवर कुठेही नळ सोडला आणि पाणी आलं तर ते पंपरावांमुळे, आणि नाही आलं तर वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी नळ उघडा टाकल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. पंपाला ते यंत्र म्हणत नसत. पंप 'रुसला', पंप 'कण्हतोय', पंपाचं 'आज लक्ष नाही', असंच बोलत. तीन नंबरच्या पंपाला तर रोज सकाळी "काय रे, झोप झाली का?" असं विचारूनच बटण दाबत. पंपाने कधी उत्तर दिलं नाही, पण तो बावीस वर्षांत एकदाही बंद पडला नाही, आणि पंपरावांना एवढा पुरावा पुरेसा होता.

अशा माणसाला कुणी चौथ्या मजल्यावर नेऊन बसवील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चौथ्या मजल्यावर धमन्यांच्या आजारावर काम चाले. धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी मोठी नळी, आणि त्या नळीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. तिथली माणसं या अस्तराच्या पेशी काचेच्या प्लेटवर वाढवत आणि त्यांच्यावरून गुलाबी रंगाचं पोषक पाणी तीन दिवस, तीन रात्री सारखं वाहतं ठेवत. शरीरात या पेशींवरून जन्मभर रक्त वाहत असतं, साचलेल्या पाण्यात ठेवलं तर त्या आपला खरा स्वभाव दाखवतच नाहीत. आता वाहतं ठेवायचं म्हणजे पंप आला, आणि चौथ्या मजल्यावरचे पंप तर सारखे मान टाकायचे. शेवटी तिथल्या प्रमुख, मोठ्या बाई, स्वतः तळघरात उतरल्या.

मोठ्या बाई फार कमी बोलत. त्यांच्या 'हं' या एका शब्दावर चौथा मजला चालायचा, आणि कुठला 'हं' कसा घ्यायचा हे शिकायला नव्या माणसाला वर्ष लागायचं.

"तुमचा एकही पंप बंद पडत नाही म्हणतात," बाई म्हणाल्या.

"बोलावं लागतं त्यांच्याशी," पंपराव म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पंपरावांची बदली झाली.

वर आल्यावर पंपरावांना पहिल्यांदा हसूच आलं. ज्याला पंप म्हणत होते तो डब्याएवढा होता. एक चाक, चाकाला चार रोलर. चाक फिरलं की रोलर रबरी नळीला दाबत पुढे सरकायचे आणि नळीतलं गुलाबी पाणी पुढे ढकललं जायचं. तळघरातल्या तीन नंबरने हा पंप एका घोटात गिळला असता. पण काम ते काम. पंपराव बाही सावरून बसले आणि आठवड्याभरात दोन्ही पंप असे चालायला लागले की कानाला गोड वाटावं.

पंप दोन होते, कारण प्लेटा दोन होत्या, 'अ' आणि 'ब'. 'अ' प्लेटवरून पाणी एकाच दिशेने, संथ, एका लयीत जायचं. 'ब' प्लेटचा पंप जरा चक्रम होता. तो पाणी क्षणभर पुढे ढकलायचा, क्षणभर मागे ओढायचा, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हे असं का, ते सांगायला छोट्या बाईंनी पहिल्याच दिवशी सुरुवात केली होती. छोट्या बाई म्हणजे मोठ्या बाईंच्या हाताखाली चार वर्षं संशोधन करणारी मुलगी. उभ्याने डबा खाणारी, पेन केसांत खोचून तेच पेन तासभर शोधणारी.

"पंपराव, त्याचं काय आहे, की आपल्या धमन्यांना—"

"बाई, मला पंपाचं सांगा," पंपरावांनी त्यांना तिथेच थांबवलं. "पेशींचं तुम्ही बघा. ज्याचं काम त्याने करावं."

या एका वाक्याने पुढे तीन महिन्यांचा घोळ घातला. छोट्या बाईंनी मग भिंतीवरच्या सूचना दाखवल्या. अकरा होत्या. नळीत बुडबुडा येऊ देऊ नये, पंप क्षणभरही थांबवू नये, कपाटाचं दार उघडं ठेवू नये, अशा. पंपरावांनी त्या पाठ केल्या आणि एकही कधी मोडली नाही, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

प्लेटा ज्या कपाटात असत त्यात माणसाच्या अंगाएवढी ऊब असायची. त्याच्या काचेतून पंपराव दिवसभर दोन्ही प्लेटांकडे बघत बसायचे, आणि बघता बघता त्यांच्या मनात एक गोष्ट सलू लागली. 'ब' प्लेटवाल्यांना पंप आपण होऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होता. त्यांची मजा होती. पण 'अ' प्लेटवाल्यांनी काय घोडं मारलं होतं? त्यांच्यावर तीन दिवस, तीन रात्री एकाच बाजूने पाण्याचा रेटा. हलायची सोय नाही, वळायची सोय नाही. बिचाऱ्यांचं अंग धरत असणार.

हा विचार दुसऱ्या कुणाला आला नसता. पंपरावांना आला, कारण त्यांची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. एका कुशीवर पडून राहिलं की अंगाला जखमा होतात, दर दोन तासांनी कूस बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पंपरावांनी आणि त्यांच्या बायकोने पाळ्या लावून चार वर्षं ते केलं. त्यासाठी एक वही ठेवली होती. त्यात तीन रकाने: वेळ, कूस, तक्रार. आई तोंडाची तिखट. त्यामुळे तक्रारीचा रकाना कधी रिकामा राहायचा नाही. 'मेल्या, झोपू दे की.' 'हात गार आहेत तुझे.' 'तुझा बाप बरा होता.' पंपराव सगळं जसंच्या तसं लिहून ठेवायचे. आईला एकही जखम झाली नाही. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम होता आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नव्हती.

तर पंपरावांनी 'अ' प्लेटची कूस बदलायचं ठरवलं. पंपावर एक छोटा खटका होता, चाकाची दिशा फिरवणारा. अकराच्या अकरा सूचना पुन्हा वाचल्या, खटक्याला हात लावू नये असं एकीतही नव्हतं. पंप थांबवायचा नाही, तो थांबणारही नव्हता. फक्त पाणी आता दुसऱ्या बाजूने येणार होतं. प्रश्न उरला तो किती वेळाने. आईला दोन तास, पण आई केवढी आणि या केवढ्या. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाचे दोन तास म्हणजे आपली फार तर दहा मिनिटं, असं त्यांनी ठरवलं. हे कशाच्या आधारावर ठरवलं ते विचारू नये.

दर दहा मिनिटांनी खटका. संध्याकाळी घरी जायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, रात्री यांचं कोण करणार? पंपराव तळघरात गेले, पाण्याच्या टाकीचा एक जुना टायमर शोधून आणला आणि कपाटाच्या मागे असा सफाईने बसवला की तो पंपाबरोबरच आला असावा असं वाटावं. दिवसा स्वतः, रात्री टायमर. नोंदी ठेवायला घरून वही आणली. तीच वही, आईची. मागची निम्मी पानं कोरी होती आणि पंपरावांना कागद वाया घालवणं आवडत नसे. वेळ, कूस, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात ते प्रामाणिकपणे लिहीत: 'ऐकू आली नाही.' नुसतं 'नाही' लिहिलं असतं तर लवकर झालं असतं, पण तो एक शब्द तिथे लिहायचं त्यांच्या जिवावर येई.

तीन दिवसांनी छोट्या बाईंनी 'अ' प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. पेशी कंगव्याने विंचरल्यासारख्या एका दिशेने पडायला हव्या होत्या. त्या पडल्या होत्या दारातल्या चपलांसारख्या, जिकडे तोंड तिकडे.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. छोट्या बाईंनी काय नाही केलं! पाणी बदललं, काचा बदलल्या, कपाटाची ऊब तीनदा मोजली. हाताला मलम लावायचं सोडलं. सफाईवाल्या मावशींना चवड्यांवर चालायला लावलं, आणि मावशी महिनाभर चोरासारख्या वावरल्या. एका गोष्टीवर मात्र छोट्या बाईंनी संशय घेतला नाही, तो म्हणजे पंप. पंपरावांचा पंप कधी चुकत नाही हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. आणि गोल फिरणारं चाक कुठल्या बाजूने फिरतंय हे कोण निरखत बसतं? पंपरावांनाही फार वाईट वाटायचं. पेशींची तब्येत बरी नाही म्हटल्यावर त्यांनी काळजी आणखी वाढवली. चहाला उठणंसुद्धा सोडलं.

त्या पेशी एकाच माणसाने दिलेल्या धमनीतून काढलेल्या होत्या. त्यांच्या चारच कुप्या होत्या, तीन संपल्या, एक उरली. महिन्याच्या अखेरीला छोट्या बाईंचं काम तपासायला समिती बसणार होती. 'अ' प्लेट सरळ आली नाही तर 'ब' प्लेटची तुलना कशाशी करणार? चार वर्षांचं काम गुंडाळून छोट्या बाईंना घरी जावं लागणार होतं.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी त्या पंपरावांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या. आपले दोन्ही हात पुढे धरून म्हणाल्या, "पंपराव, माझ्या हातातच खोट असेल का हो?"

"काहीतरीच काय बोलता बाई!"

"मग काय? सरळ वाहणाऱ्या पाण्यात पेशी सरळच पडतात. जगभर पडतात. फक्त माझ्याकडे नाही पडत." त्यांनी केसांतलं पेन काढलं आणि पंपरावांच्या वहीच्या पुठ्ठ्यावरच एक नळी काढली. "ही धमनी. जिथे ती सरळ आहे तिथे रक्त एका दिशेने जातं, अस्तर निरोगी राहतं. जिथे तिला वळण आहे, फाटा आहे, तिथे रक्त घुटमळतं. पुढे जातं, मागे येतं. तिथल्या पेशी गोंधळतात, सुजतात, आणि तिथेच चरबी साठते. आपली 'ब' प्लेट म्हणजे ते वळण. आणि 'अ'—"

"मागे येतं म्हणजे?" पंपरावांनी विचारलं. "म्हणजे उलटं वाहतं?"

"हो. पुढे-मागे, पुढे-मागे. त्यानेच तर सगळा आजार होतो."

पंपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. छोट्या बाई आणखी बरंच सांगत होत्या, पण पंपरावांना पुढचं एक अक्षर ऐकू गेलं नाही. त्यांनी तीन महिने, मोठ्या मायेने, चहा सोडून, त्या पेशींना आजारी पाडलं होतं.

घरी जाताना त्यांच्या डोक्यात एक सोपी युक्ती आली. टायमर गुपचूप काढून टाकायचा. खटक्याला हात लावायचा नाही. चौथी खेप सरळ येईल, सगळे खूश होतील, कुणाला काही कळणार नाही. फक्त छोट्या बाई जन्मभर आपल्या हातांकडे संशयाने बघत राहतील. एवढंच.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको आधी पोट धरून हसली. दहा मिनिटांच्या हिशोबाला तर तिला ठसकाच लागला. मग ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "अहो, मग सांगून टाका."

"पंपावरून काढतील मला. बाटल्या धुवायला बसवतील."

"बसवू देत. घरी तुम्ही एक कप विसळत नाही. सवय लागेल."

"चेष्टा सुचतेय तुला."

"चेष्टा नाही," बायको म्हणाली. "ती पोरगी स्वतःच्या हातांना दोष देत बसलीये, आणि तुम्हाला घास कसा उतरतोय?"

घास उतरत नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपराव वही काखेत मारून मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. छोट्या बाईही तिथे होत्या. पंपराव उभ्या उभ्याच बोलले, एका दमात, आईपासून टायमरपर्यंत.

छोट्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तीन महिने मी माझे हात धूत होते, पंपराव." आणि उठून बाहेर गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर पंपरावांना बरं वाटलं असतं.

"किती वेळाने फिरवत होतात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दर दहा मिनिटांनी."

"चुकलं कधी?"

"पहिल्या खेपेला दोनदा. चहाला गेलो होतो."

"लिहून ठेवलंय?"

पंपरावांनी वही पुढे केली. बाईंनी चष्मा सावरला. वेळ, कूस, तक्रार. नऊ दहा, डावी, ऐकू आली नाही. नऊ वीस, उजवी, ऐकू आली नाही. पानंच्या पानं. "तक्रार होती, पंपराव," बाई म्हणाल्या. "मायक्रोस्कोपातून दिसत होती." मग त्या पानं उलट्या बाजूला चाळत गेल्या आणि आईच्या नोंदींशी पोचल्या. 'मेल्या, झोपू दे की' वाचून त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. 'तुझा बाप बरा होता' ला त्या चक्क हसल्या. मग आईच्या शेवटच्या पानावरची शेवटची ओळ आली. दुपारी चार, उजवी कूस, तक्रार: नाही. त्याखाली काही नव्हतं.

बाईंनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "हं," त्या म्हणाल्या. हा 'हं' पंपरावांनी याआधी कधी ऐकला नव्हता.

"बाटल्या कुठे धुवायच्या?" पंपरावांनी विचारलं.

"कसल्या बाटल्या? त्या तीन प्लेटा फेकू नको म्हणावं तिला. दर दहा मिनिटांनी प्रवाह उलटा केला तर काय होतं, हे आपल्याकडे तीनदा झालंय, तेही नोंदींसकट. दुसऱ्या कुणाला इतकं वेळच्या वेळी जमलं नसतं. आणि चौथ्या खेपेला पंपावर तुम्हीच बसा. फक्त हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही, हे म्हणायला सोपं होतं. टायमर मोठ्या बाईंच्या खणात बंद झाला, भिंतीवर बारावी सूचना लागली आणि शेवटच्या कुपीतल्या पेशी कपाटात गेल्या. पहिली दहा मिनिटं झाली आणि पंपरावांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. त्यांनी तो डाव्या हाताने धरून खाली आणला. वीस मिनिटांनी डावा निघाला. मग ते दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. सफाईवाल्या मावशी, ज्या आता टाचा टेकून चालू लागल्या होत्या, त्यांनी विचारलं, "थंडी वाजतेय का?" दुसऱ्या दिवशी बायकोने डब्याबरोबर लोकरीचा एक मोठा गुंता पाठवला आणि सांगितलं, हातांना काम द्या. तिसऱ्या दिवसापर्यंत पंपरावांनी तो पूर्ण सोडवला आणि संस्थेच्या कपाटातल्या दोऱ्यांचा गुंताही मागून घेतला. रात्री मात्र पंप एकटाच चालणार, पेशी एकाच कुशीवर राहणार, याचं त्यांना घरी फार जड जायचं.

छोट्या बाई रोज दोनदा यायच्या. "पंप चालू आहे?" "आहे." एवढंच बोलणं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी प्लेट बाहेर काढली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि डोळा लावला. कितीतरी वेळ त्या हलल्याच नाहीत. पंपरावांना वाटलं, संपलं सगळं.

"पंपराव," छोट्या बाई मान न वळवता म्हणाल्या, "इकडे या."

पंपरावांनी पहिल्यांदाच त्या नळीतून आत पाहिलं. असंख्य लांबट पेशी, एकीला लागून एक, सगळ्या एकाच दिशेने शांत पहुडलेल्या. कुणाचं कुणाला लागत नव्हतं. पंपरावांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच डोळेही भरून आले, त्यामुळे पुढचं सगळं धूसर दिसायला लागलं.

"काच पुसू का?" ते म्हणाले.

"काच स्वच्छ आहे," छोट्या बाई म्हणाल्या आणि आपला रुमाल त्यांना दिला. त्या स्वतःही नाक ओढत होत्या.

"दुखत नसेल ना त्यांना? तीन दिवस एकाच कुशीवर?"

"नाही हो. वरून असं वाहत राहिलं की यांना बरं वाटतं. तुमच्या आईंचं वेगळं होतं. त्यांना तुम्ही फिरवलंत तेच बरोबर होतं."

हे वाक्य पंपरावांना कुणीतरी म्हणायला हवं होतं, किती वर्षं झाली होती. त्यांनी नाक पुसलं, रुमालाची घडी घातली आणि तो परत द्यायचा की धुऊन द्यायचा या विचारात तसाच खिशात ठेवला.

छोट्या बाई नोंदी उतरवून घ्यायला वही मागू लागल्या. पंपराव जरा लाजले, पण त्यांनी ती दिली. छोट्या बाईंनी शेवटची पानं उघडली. या तीन दिवसांतही दर दहा मिनिटांची नोंद होती. नऊ दहा, कूस बदलली नाही, तक्रार: माझी. नऊ वीस, कूस बदलली नाही, तक्रार: माझी. नऊ तीस, कूस बदलली नाही, तक्रार: माझी, फार. तीन दिवस हेच. छोट्या बाईंना हसू आवरेना, त्या हसत हसत मोठ्या बाईंना दाखवायला वही घेऊन निघाल्या.

"थांबा, बाई," पंपराव म्हणाले. "सहाची नोंद राहिली."

त्यांनी छोट्या बाईंच्या केसांतलं पेन मागून घेतलं. वेळ लिहिली. कूस बदलली नाही, असं लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी आल्यावर त्यांनी एकदा प्लेटकडे पाहिलं. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'नाही.'